शफीभाईंच्या जपानी डब्या

चाकणच्या पेठेत शफीभाईंचं कुलपांचं दुकान होतं, आणि माणसापेक्षा कुलपावर त्यांचा भरवसा जास्त. गोरे साहेबलोक देश सोडून निघाले तेव्हा पुण्यातल्या एका लिलावात शफीभाईंनी बारा जुन्या जपानी डब्या घेतल्या. काळंभोर रोगण, वर सोनेरी नक्षी. एकीवर तर तांदळाएवढा कोळी गळ टाकून बसलेला. अशा नाजूक वस्तूला हात लावला की ती मेलीच, असं शफीभाईंचं ठाम मत. म्हणून अकरा डब्या पत्र्याच्या छपराखाली, कपाटात, दोन दोन कुलपांआड गेल्या. बारावीचा टवका उडाला होता. ती संग्रहातून बाद झाली आणि त्यांच्या बायकोनं, खैरुन्निसानं, तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळून विड्याची पानं ठेवली.

दहा उन्हाळे गेले. सत्तावन्न साली पुण्याहून एक जाणकार मुद्दाम डब्या बघायला आले. शफीभाईंनी ऐटीत कुलपं काढली. आत रोगण तडकून खपल्या पडल्या होत्या. कोळी गायब, नुसता गळ उरला होता.

"या रोगणाला कोरडी हवा सोसत नाही हो," पाहुणे हळहळले. "थोडा ओलावा लागतो, रोजचा हात लागतो."

तेवढ्यात खैरुन्निसानं पानांची डबी पुढे केली. आरशासारखी लखलखीत! पाहुणे पान घ्यायचंच विसरले.

ते गेल्यावर शफीभाई चाचरत म्हणाले, "आता ही कपाटात ठेवू या."

खैरुन्निसानं डबी पदराआड ओढली. "का? हिचाबी जीव घ्यायचाय?"