सात बॉबी आणि सेकुरू चिवासा

प्राणी निवाऱ्याच्या फाटकावर पार्डनने वही उघडून विचारलं, "कुत्र्याचं नाव?" आणि मी म्हणालो, "बॉबी."

साफ खोटं. कुत्र्याचं नाव बॉबी नव्हतं आणि कुत्रं माझंही नव्हतं. ते सेकुरू चिवासांचं होतं. सेकुरू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आमच्या गुतू तालुक्यात मामाला सेकुरू म्हणतात आणि आजोबांनाही सेकुरूच म्हणतात, त्यामुळे तो माणूस रागवतो दोघांच्या वाटचं आणि लाड करतो एकाच्या वाटचे. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मास्विंगोला निघाले तेव्हा मला म्हणाले होते, "भाच्या, दोन वेळ मक्याच्या पिठाचा साद्झा घाल, पाण्याचं भांडं भरलेलं ठेव, आणि हाक मारशील तेव्हा पूर्ण नावाने मार. बाकी ती सांभाळून घेईल तुला."

ती म्हणजे मुचानेता.

आता आमच्याकडे कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतंच, ते शेजाऱ्यासाठी असतं. समोरासमोर भांडणं असभ्य. म्हणून माणूस कुत्रं पाळतो, त्याला मनातलं वाक्य नाव म्हणून देतो आणि रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून मोठ्याने हाक मारतो. शेजाऱ्याला ऐकू जातं. बोलता काहीच येत नाही, कारण बोलावलं कुत्र्याला. 'मुचानेता' म्हणजे 'थकाल तुम्ही.' सेकुरूंचा शेजारी म्हणजे माझे वडील. अकरा वर्षांपूर्वी सेकुरू कामावर गेलेले असताना वडिलांनी कुंपण दोन पावलं सरकवलं, आणि तेव्हापासून ती दोन पावलं मुळात आपलीच होती हे ते भेटेल त्याला सांगत आले आहेत. या कुत्रीचं नाव हे त्याचं उत्तर. मेहुण्या-मेहुण्यांच्या या संवादात माझी आई कुंपणाच्या दोन्ही बाजूंची असल्याने गप्प बसायची.

सेकुरू गेल्यावर चार दिवसांत मुचानेताने आईचा कोवोच्या भाजीचा वाफा उकरला आणि रात्रभर रडून वडिलांना जागवलं. वडील म्हणाले, "ती तरी जाईल इथून, नाहीतर तू तरी." मी विचार केला आणि तिला न्यायचं ठरवलं.

नेण्यासारखी जागा माझ्या माहितीत होती. गावाबाहेर पार्डनने 'रुदो प्राणी निवारा' काढला होता. रुदो म्हणजे प्रेम. जोहान्सबर्गहून परतलेला, गोड बोलणारा माणूस. झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान माझं, त्यामुळे त्याचा बोर्ड मीच टाइप केलेला. त्याचे व्हिडिओही मीच काढायचो: चुना लावलेले तीन पिंजरे, लाल रिबीन बांधलेलं एक झिपरं कुत्रं, मागे मंद संगीत. परदेशातली माणसं खाली रडण्याची चित्रं टाकायची. मी स्वतःही एकदा रडलो होतो.

फाटकावर माझ्या पुढे आमच्या चर्चमधल्या माई तेंदाई उभ्या होत्या. त्यांच्या दोरीला एक पिवळं कुत्रं. पार्डनने नाव विचारलं. त्यांनी मागे वळून मला पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "बॉबी." नंतर माझी पाळी आली. माई अजून तिथेच होत्या. मुचानेता म्हटलं असतं तर आमच्या घरचं कुंपण रविवारच्या प्रार्थनेपर्यंत सगळ्या गावात पोचलं असतं. मीही म्हणालो, "बॉबी."

मुचानेताने माझ्याकडे बघितलं. आपला भाचा इतका बावळट असेल असं तिला वाटलं नसावं.

सेकुरूंविषयी आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. एकतीस वर्षं त्यांनी पशुवैद्यकीय खात्यात गुरं औषधाच्या हौदातून काढायचं काम केलं. गोचीड मारणारं ते औषध त्यांच्या अंगाला इतकं मुरलंय की अजूनही डास त्यांना वळसा घालून मला चावतो. वर्षातून एकदा रेबीजच्या लशीचा आठवडा यायचा. तेव्हा सायकलवर बर्फाची पेटी बांधून ते गावोगाव फिरायचे. बाकीचे कर्मचारी वहीत लिहायचे 'कुत्रा, तपकिरी, एक'. सेकुरू नाव विचारायचे आणि पूर्ण लिहायचे. टोचायच्या आधी कुत्र्याच्या कानाशी तेच नाव म्हणायचे. म्हणत, "नाव घेऊन टोचलं की ते चावत नाही. बिननावाचं टोचलंस तर त्याला वाटतं चोर आहे."

यामुळे अख्ख्या तालुक्यात कोणाचं कोणाशी काय बिनसलंय हे सेकुरूंना सरपंचापेक्षा जास्त माहीत. पण एकतीस वर्षांत त्यांनी एका घरचं नाव दुसऱ्या घरी सांगितलं नाही. निवृत्त झाले तरी लशीच्या आठवड्यात खात्याची गाडी अजून त्यांना घ्यायला येते. मामी गेल्यापासून घरात ते आणि मुचानेता दोघंच. एक डोळा पूर्ण गेल्यावर संध्याकाळी ती पुढे आणि ते मागे, असे दुकानापर्यंत यायचे.

दोन आठवडे त्यांचा नंबर लागण्यात गेले. तिसऱ्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी ते बसमधून उतरले, डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू होताच. डॉक्टरांनी सांगितलेलं: वाकायचं नाही, उचलायचं नाही, ओरडायचं नाही.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं. माझी तब्येत नाही विचारली.

मी सांगितलं. निवारा, प्रेम, व्हिडिओ, सगळं. फोन पुढे केला, मग पट्टी आठवून परत घेतला.

"पाणी कुठून येतं तिथे?"

"असेल की बोअर."

"असेल? कुत्री किती?"

"बरीच."

"डॉक्टर कोण येतो?"

मी फोन खिशात घातला.

"बोर्ड तू टाइप केलास ना, भाच्या? नोंदणी क्रमांक काय घातलास त्यावर?"

"तिथे... जागा सोडली होती. पार्डन म्हणाला, नंतर सांगतो."

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

सेकुरूंनी काठी उचलली. "तू शिकलास, तेव्हा तुझ्या फीसाठी मी शेळी विकली होती. त्या शेळीनेही हा प्रश्न विचारला असता. चल."

चाळीस मिनिटांची वाट. ते माझा खांदा धरून चालत होते. पकड इतकी घट्ट, की हा आधार नसून अटक आहे हे कळत होतं. अर्ध्या वाटेवर ते थांबले. "ती जिवंत नसेल तर मला तिथेच सांग. घरी आणून सांगू नकोस."

फाटकाशी सेकुरूंनी रीतीप्रमाणे हात जोडून हलक्या टाळ्या वाजवल्या. पार्डन आला. "सेकुरू, भेटीचा दिवस शनिवार असतो."

"मला दिसत नाही, बाळ. त्यामुळे मी भेटीला आलोय असं समजू नकोस. कुत्री न्यायला आलोय."

"नाव?"

"बॉबी," मी पुटपुटलो.

पार्डनने वही चाळली. "कुठला बॉबी? सात आहेत."

सेकुरू माझ्याकडे वळले. त्या काळ्या चष्म्यातून मला काय दिसलं ते लिहीत नाही.

पुढचे तीन पिंजरे व्हिडिओतल्यासारखेच होते. मागे ब्रॉयलर कोंबड्यांची जुनी शेड होती. मागे जायचं मला दीड वर्षात कधी सुचलं नव्हतं. उजेड पुढे चांगला यायचा. शेडपासून वीस पावलांवर सेकुरू नाक आक्रसून म्हणाले, "लूत. आणि दोन दिवसांपूर्वी मेलेलं काहीतरी." दार उघडल्यावर मी जे पाहिलं त्यातलं थोडंच सांगतो. कोरडी घमेली, त्यांच्या तळाला चाटून चाटून चकाकी आलेली. मक्याचा कोंडा भिंतीपाशी सांडलेला, बुरशी धरलेला. साठेक कुत्री. काही उभी, बरीच आडवी, आणि आडव्यांपैकी कोणती झोपलीत हे कळत नव्हतं. एकही भुंकलं नाही. साठ कुत्री आणि आवाज नाही.

"बॉबी!" मी हाक मारली. एकाचीही शेपटी हलली नाही.

"गप," सेकुरू म्हणाले. मग दारात उभे राहून, न ओरडता, लशीच्या रांगेत बोलायचे त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. आपलं कुत्रं शोधायला आलेला माणूस, पण पहिलं नाव घेतलं ते दुसऱ्याच्या कुत्र्याचं.

"वेंगाई."

'करा द्वेष.' कोपऱ्यातून एक पिवळं कुत्रं उठलं. पाय थरथरत होते, पण उठलं. माई तेंदाईंचं. दुसरा बॉबी.

"गोदो." 'जळा.' एक काळं पुढे आलं. "हाझ्विनेई." 'असू दे.' एक लंगडं.

असं ते एकेक गाव घेत गेले. हौदाच्या पश्चिमेकडची गावं, मग ओढ्यापलीकडची. अंधाऱ्या शेडमध्ये नावं पडत होती आणि आमच्या तालुक्याची सगळी जुनी भांडणं एकेक करून उठून उभी राहत होती. पार्डन माझ्या शेजारी येऊन उभा होता. हळूच म्हणाला, "मला कोणी खरं नाव सांगितलंच नाही."

शेवटी सेकुरू म्हणाले, "मुचानेता."

काही हललं नाही.

पुन्हा म्हणाले. काही नाही. मग त्यांनी काठीने मला पुढे सारलं. "तू मार हाक. तिला ती हाक मोठ्याने ऐकायची सवय आहे, आणि मला मनाई आहे."

मी म्हणालो, "मुचानेता."

"अरे, ते नाव कानात सांगायचं नाही! कुंपण ओलांडून तुझ्या बापाच्या ताटात पडायला ठेवलंय. तसं मार."

मी छाती भरून घेतली आणि अकरा वर्षं आमच्या अंगणात ऐकलेल्या चालीवर, शेवटचं अक्षर लांबवून ओरडलो. मुचानेताऽऽ! थकाल तुम्ही! शेडच्या पत्र्याने ते परत माझ्यावर फेकलं.

रिकाम्या पोत्यांच्या ढिगाखाली टप् झालं. मग पुन्हा टप्, टप्. शेपटी.

मी पोती उपसली. फासळ्या मोजता येत होत्या. कान गोचिडांनी भरलेला. सेकुरू डॉक्टरांचं सगळं विसरून खाली वाकले, तिच्या कानाशी तोंड नेऊन नाव म्हणाले आणि बराच वेळ तसेच राहिले. मी त्यांना उठा म्हणालो नाही.

पार्डन उलट्या बादलीवर बसला होता. "चार कुत्र्यांपासून सुरुवात केली होती, सेकुरू. लोक आणून सोडतात. न्यायला कोणी येत नाही. बोअर बंद पडली, मग मी... रोज उद्या करू म्हणत गेलो."

मला वाटलं, आता काठी पडणार. सेकुरू म्हणाले, "पालथी घातलीस ती बादली सरळ कर. ओढा कुठे आहे?"

संध्याकाळपर्यंत पार्डन आणि मी पाणी वाहत होतो. सेकुरू ओंजळीने पाजत होते, एका वेळी थोडंच, कारण एकदम पाजलं तर मरतं. परतताना मुचानेताला एकचाकी हातगाडीत घालून मी बाजारातून ढकलत नेलं. दुकानात शिरताच सेकुरूंनी खुर्ची ओढली. "टाइप कर. जिल्हा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना. बोर्डावर जागा सोडलीस, आता अर्जात काही सोडू नकोस. व्हिडिओ कोणी काढले तेही घाल." घातलं.

गुरुवारी अधिकारी आले, शहरातल्या नोंदणीकृत संस्थेची गाडी आली. नऊ कुत्री उठलीच नाहीत. सेकुरूंनी त्यांचीही नावं आठवून लिहवून घेतली, दोघांची सोडून. ती दोन त्यांना आठवली नाहीत. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. सव्वीस आपापल्या घरी गेली. बाकीची संस्थेने नेली. माई तेंदाई वेंगाईला घ्यायला आल्या तेव्हा सगळ्यांदेखत त्याला खऱ्या नावाने हाक मारताना लाल झाल्या होत्या. सेकुरू म्हणाले, "लाजू नका, माई. आता अख्ख्या गुतूत एकच कुत्रं राहिलंय, बॉबी, आणि ते कोणाचंच नाही." निवारा बंद झाला. पार्डन कधीतरी माझ्या दुकानात रिचार्जला येतो. आम्ही एकमेकांशी हवापाण्याचं बोलतो.

माझी मात्र सुटका एका गोष्टीने झाली. आईने विचारलं, "ती इतकी कशी वाळली रे?" मी तोंड उघडायच्या आधी सेकुरू म्हणाले, "माझ्या आठवणीने. कुत्र्यांना असते आठवण." त्यावर आईने वडिलांपासून लपवून रोज मातेम्बाचे सुके मासे कुंपणापलीकडे पाठवायला सुरुवात केली. या माणसाने माझी फी भरली, माझी अब्रू झाकली, आणि ज्यांना आम्ही नाव नाकारलं त्यांना ती नावं परत दिली. इतकं कोणी कोणाचं देणं लागत नाही. मी लागतो.

त्यांनी फक्त एकच मागितलं. "शेडमध्ये ओरडलास, ते पत्र्याने ऐकलं. एकदा आपल्या दारात, तुझा बाप बसलेला असताना, त्याच आवाजात. मग फिटलं."

मुचानेता आता भरलीय. रोज संध्याकाळी कुंपणापलीकडे सेकुरू मुद्दाम खोकतात. वडील रेडिओ घेऊन ओट्यावर असतात. मी उभा राहतो, छाती भरून घेतो. काल तर 'मुचा' पर्यंत गेलोही होतो. वडिलांनी रेडिओचा आवाज कमी केला आणि वर पाहिलं.

"काय?"

"चहा," मी म्हणालो. "चहा घेणार का विचारत होतो."

कुंपणापलीकडे काठी दोनदा आपटली.