तुळजाबाईंचा बग्गीखाना

तुळजाबाईंचे वडील रखमाजी अंबडच्या बाजूला विहिरी बांधायचे. चार एकर रानही होतं, पण मन रमायचं दगडचुन्यात. तुळजा लहानपणी त्यांचा ओळंबा धरायची, दगडी चाकाच्या घाणीत मळलेला चुना बोटांवर घेऊन तो लोण्यासारखा झाला का ते सांगायची. रखमाजी म्हणायचे, "पोरीचा हात बराबर सांगतो."

पुढं तिचं लग्न जालन्याच्या रामरावांशी झालं. ते जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या तोलावर कारकून होते. १९३१ साली त्यांनी पलटण उठून गेलेल्या जुन्या छावणीतला एका गोऱ्या साहेबाचा बग्गीखाना राहायला म्हणून घेतला. बंगला कधीचाच पडलेला, हा मात्र उभा होता. भावकीतले हसले. "घोड्याच्या जागंत संसार?" रामराव वरमले. तुळजाबाई मात्र दिवसभर भिंतींवरून हात फिरवत हिंडली.

समोर दोन कमानी होत्या, वर गाडीवान बसलेला असतानाही बग्गी सरळ आत जाईल इतक्या उंच. मधे दोन हात जाडीचा विटांचा खांब. वर गवत साठवायचा माळा, त्याला गोल झरोका. खाली घडीव दगडांची फरशी, घोडे धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून मोरीकडं जराशी उतरती. भिंतीत लोखंडी कड्या.

"मोडायचं काही न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "उतारावर न्हाणी करू, माळ्यावर धान्य ठेवू. कमानीत खाली दार आन् वर विटांची जाळी. वारा खेळंल."

कामाला कारभारी नावाचे मिस्तरी आले. चांगला माणूस, पण त्यांना तो खांब खुपायचा. "बाई, येवढा जाड खांब घरात अडचण करून राह्यला. निम्मा तासू, खोली मोकळी होईल."

"मिस्तरी, दोन्ही कमानींचं वझं त्याच्यावर उतरून राह्यलंय. त्याला हात न्हाई लावायचा."

कारभारी जाळीच्या कामाला लागले. पण आठ दिवसांनी रखमाजी आजारी पडले म्हणून तुळजाबाई माहेरी गेली. तेवढ्यात मिस्तरींनी रामरावांना पटवलं आणि खांब तासायला घेतला. वडलांना बरं वाटल्यावर ती परत आली तेव्हा एका बाजूच्या विटा निघालेल्या होत्या आणि कमानीच्या माथ्यापासून केसाएवढी चीर खाली आली होती.

तिनं डोक्यावरचं गाठोडं दारातच ठेवलं. "हात थांबवा. समदे बाहेर निघा."

ओरडणं नाही, रडणं नाही. शेजारच्या वखारीतून तिनं सागाचे चार वासे आणवले, दोन्ही कमानींखाली टेकू उभे केले आणि बुडाशी पाचरी एकेक करून स्वतः ठोकल्या. मधेच थांबून चिरेवर बोट ठेवायची, वाढते का बघायची. चीर थांबली.  रामराव म्हणाले, "चूक माझी हाये."

"आता खांब भरून काढू," एवढंच ती म्हणाली.

एकवीस दिवस तिनं चुना आपल्या डोळ्यांसमोर मळून घेतला आणि जुन्या विटा धुऊन एकेक जागेवर बसवून घेतल्या. जुनं आणि नवं काम कुठं जुळतं ते दाखवायला लागलं तर कारभारींनाही वेळ लागे. टेकू काढले त्या दिवशी ते हळूच म्हणाले, "बाई, इतकी वर्षं कमानी बांधल्या, वझं कुठं जातं ते आज कळलं."

मग त्या घरात दोन लेकी झाल्या. घोडा बांधायच्या कड्यांना पाळणा टांगला. उन्हाळ्यात आळीतल्या बाया दुपारी तिथंच यायच्या. जाळीतून येणारी झुळूक साऱ्या छावणीत दुसरीकडं कुठं नव्हती. जे हसले होते तेही जेवण झालं की फरशीवर अंग टाकायचे.

कारभारी तर कुठं जुनं काम निघालं की आधी तिला विचारायला येऊ लागले. १९४६ साली ते तिला बैलगाडीनं राजूरला घेऊन गेले. तिथल्या एका धर्मशाळेची तडकलेली कमान पाडायचं गावकऱ्यांनी ठरवलं होतं. तुळजाबाईंनी पदर खोचला, विटांवर उलट्या बोटांनी टकटक केली, खांबाच्या बुडाशी माती उकरून पाहिली.

"कमान चांगली हाये," त्या म्हणाल्या. "बुडाशी पाणी मुरून राह्यलंय. आधी पाण्याला वाट द्या."

गावातल्या जाणत्यांनी मिस्तरींकडं पाहिलं.

"बाई सांगत्यात तसं करा," कारभारी म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत चर खणून झाला.