टाकीवरच्या दोन खुणा

आत्याने आयुष्यात कधी पाण्यात डोकं बुडवलं नाही, आणि तरी त्या बेटावर स्कूबा करायला आलेला एकही माणूस तिने हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरला नाही. डायव्हिंगच्या दुकानामागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे ती एकोणीस वर्षं कॉम्प्रेसरवर, पाण्याखाली श्वास घ्यायच्या टाक्यांत हवा भरत आली. टाकी भरली की व्हॉल्व्ह जरासा उघडायचा, सुटणाऱ्या हवेला नाक लावायचं, आणि तेलाधुराचा वास नसला तरच खडूने खूण करायची. कुणी बोट चालू केली आणि वारा खोलीकडे असला, तर कॉम्प्रेसर बोटीचा धूरही ओढून टाकीत कोंबतो. खाली पाण्यात असली हवा माणसाला घेरी आणते, आणि तिथे धरायला भिंत नसते. मालकाने मागे तपासणीचा मीटर आणला होता. खाऱ्या हवेत तो वर्षभरही टिकला नाही. मग सगळा भार आत्याच्या नाकावर आला, आणि त्या नाकाचा तिला भारी अभिमान.

भाचा त्याच दुकानात डायव्हिंग शिकवायचा. आई गेल्यावर याच आत्याने त्याला वाढवलेलं, पण पाहुण्यांसमोर तिचं ते हुंगणं त्याला कानकोंडं करायचं. दरवर्षी येणारे एक काका तर तिला हटकून छेडत, "आत्या, हवा हुंगताय की अत्तर?" आपण दोनशे वेळा खोल जाऊन आलो हे ते भेटेल त्याला सांगत, म्हणून त्यांचं नाव दोनशेवाले पडलं होतं. आत्या त्यांच्या टाकीवरही इतरांसारखी एकच खूण करायची. दोन खुणा फक्त भाच्याच्या टाकीवर असत. शिकवणाऱ्याची टाकी वेगळी कळावी म्हणून असेल, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी बोटीत पहिल्यांदाच पाण्यात उतरणारी, शाळेत शिकवणारी एक बाई होती, तिची मुलगी होती, आणि अर्थात दोनशेवाले. दोर सुटला, तेवढ्यात आत्या चपला हातात घेऊन धक्क्यावर धावत आली. "थांबवा. टाक्या उतरवा."

"वास आला का?" भाच्याने विचारलं.

"नाही आला."

"मग झालं तर," दोनशेवाले हसले.

"कशाचाच आला नाही. घरी दूध करपून पातेलं काळं झालं. मी शेजारीच उभी, आणि मला पत्ता नाही. शेजारीण ओरडत आली तेव्हा कळलं." तिला दम लागला होता. "सर्दीच आहे म्हणून सकाळी नेहमीसारख्या खुणा करत गेले. त्या खुणांना काही अर्थ नाही."

मालक तिथेच उभा होता. नाक गेलेली बाई दुकानाला कशाला हवी, हे त्याच्या मनात यायला कितीसा वेळ लागणार होता? आत्याला ते पक्कं ठाऊक होतं. तोंड मिटून घरी बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

भाच्याने टाक्या उतरवल्या. पण हुंगायचं कसं, हे त्याला येत होतं कुठे? पंधरा वर्षं पाण्याखाली घेतलेला प्रत्येक श्वास हिने आधी पारखून दिला होता, आणि आपण तिला एका शब्दाने कधी बरं म्हटलं नाही, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाई करू नकोस," आत्या म्हणाली. "आधी छातीतलं सगळं सोड. मग सावकाश घे. काहीच वास येत नसेल तर चांगली हवा."

सकाळच्या सगळ्या खुणा पुसून एकेक करत त्याने पाहुण्यांच्या टाक्या हुंगल्या. सगळ्या ठीक निघाल्या. तास गेला. दोनशेवाले आता हसत नव्हते. त्यांनी आपली टाकी स्वतः पुन्हा हुंगली. शाळेतल्या बाई आत्याला म्हणाल्या, "भीतीने रात्रभर झोप लागली नव्हती. आता उतरेन मी पाण्यात."

मालकाने घसा खाकरला. "नवा मीटर मागवतो."

"मागवा," भाचा म्हणाला. "तोवर मी हुंगेन आणि आत्या बाजूला उभी राहील. मीटर आला की तो वाचायचा तिनेच."

मालकाने मान हलवली. आत्याने चपला खाली टाकून पायात घातल्या, तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला.

भाच्याची टाकी शेवटी राहिली होती. त्याने ती हुंगली, खूण केली आणि विचारलं, "दुसरी खूण कसली गं? माझी टाकी वेगळी कळावी म्हणून ना?"

"छे," आत्या म्हणाली. "तुझी मी दोनदा हुंगायचे."

त्याने व्हॉल्व्ह पुन्हा उघडला, पुन्हा नाक लावलं, सावकाश, तिने शिकवलं तसं. आणि दुसरी खूण करायला खडू तिच्या हातात दिला.