साटीनच्या उलट्या कळ्या

चाकणला माझं पत्रा कापायचं वर्कशॉप आहे. हेल्पर म्हणून सुरुवात केली. एका शीटमधून जास्तीत जास्त तुकडे कसे काढायचे, या एका अकलेवर रावेतला फ्लॅट झाला. त्यामुळे काळेवाडीच्या लेडीज टेलरने मुलीच्या गाऊनला सात मीटर साटीन सांगितलं, तेव्हा हा मला बनवतोय असंच वाटलं.

साखरपुड्यात हॉलपासून जेवणापर्यंत सगळं माझ्या पसंतीचं होतं. मुलीने फक्त वाइन रंगाचा साटीनचा गाऊन मागितला होता.

मी टेलरच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कळ्या कापून मांडल्या. घेराची कळी वर अरुंद, खाली रुंद. एक सुलटी, शेजारची उलटी ठेवली की मधली जागा वाया जात नाही. पत्र्याला आम्ही तेच करतो. पाच मीटरमध्ये बसलं.

"साहेब, साटीनला चालत नाही असं. उलटी कळी वेगळी चमकते."

"सगळ्यांना सांगता हे, का मला एकट्यालाच?"

"तुमचं कापड, तुमची मुलगी," म्हणत त्याने कात्री उचलली.

ट्रायलला मुलगी आरशासमोर वळली. पुढून गाऊन वाइन, मागून फिकट जांभळा. सुलट्या कळ्या त्याने पुढे लावल्या होत्या, उलट्या मागे. मी भरपूर ओरडलो.

"तुम्ही दुसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं."

"दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्ही अजून अर्धा मीटर कमी केलं असतं."

त्याच्याकडे आम्ही आता जात नाही. चुकतंय हे माहीत असून काम करणारा माणूस मी वर्कशॉपमध्येही ठेवत नाही.

कार्यक्रम चार दिवसांवर आणि त्या ताग्यातलं कापड संपलेलं. मुलगी म्हणाली, "राहू दे पप्पा. मी भिंतीला पाठ लावून उभी राहीन."

पण साखरपुड्यात मोठ्यांना वाकून नमस्कार करावा लागतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. सासरची बारा-तेरा वडीलधारी माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली होती. ती पहिल्या आजींपुढे वाकली आणि मी उठून तिच्या मागे उभा राहिलो. ती पुढच्या खुर्चीकडे सरकली, मीही सरकलो. फोटोग्राफरने दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. त्याला मी झापलं.

व्याही हसून म्हणाले, "अहो, अजून लग्न व्हायचंय. आत्ताच सोडवेना का?"

मी मान हलवली.

मुलगी वाकल्या वाकल्या हळूच म्हणाली, "पप्पा, थोडं डावीकडे."