न धुतलेले हात

११ फेब्रुवारी २००९. ओनोरिना तेपोले या सुईणीच्या हातून तोवर जन्मलेली मुले चारशे सहा. त्यांपैकी जगलेली तीनशे एक्क्याण्णव. त्या दिवशी गावात आणखी एका मुलीची भर पडली. ती ओनोरिनाच्या हातून नव्हे.

मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या डोंगरातील या नाउआ आदिवासींच्या वस्तीत सुईणीला कुणी काय दिले याची चर्चा होत नसे. चर्चा होई ती हात धुण्याची. चाळिसाव्या दिवशी सासूने तुंब्यातून पाणी घालायचे, मुलाच्या बापाने साबण लावायचा. त्यानंतरच सुईणीचे हात त्या घरातून सुटत. तोवर दुसऱ्या गरोदर पोटाला त्यांचा स्पर्श चालत नसे. जी पंधरा जगली नाहीत त्यांच्या घरांनीही मान खाली घालून हे पाणी घातले होते. ओनोरिना विधवा, मूलबाळ नसलेली. तिचे आयुष्य अशा चाळीस-चाळीस दिवसांनी विणलेले होते; तेवढे दिवस कुणाच्या तरी चुलीपाशी तिची जागा असे.

अलीकडे खालच्या गावापर्यंत डांबरी रस्ता झाला होता आणि बायका बाळंतपणाला तिथल्या दवाखान्यात जाऊ लागल्या होत्या. गावातल्या एलोईसाचे पोट चौथ्या महिन्यापासून ओनोरिनाच चोळत होती, तरी त्या दिवशी कळा सुरू झाल्यावर तिलाही खालीच नेले. ओनोरिना मागोमाग चालत गेली.

"तुम्ही आई का?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारले.

"नाही."

"मग सासू?"

"सासू कधीच आत गेली."

"मग तुम्ही कोण?"

ओनोरिनाने थोडा विचार केला. "पोट चोळणारी."

"चोळून झालं ना? मग जा घरी, आजी. ऊन चढतंय."

ती समोरच्या कट्ट्यावर बसून राहिली. दुपारी कळले, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आपल्यावाचून सारे सुखरूप झाले ही आनंदाचीच गोष्ट होती आणि ओनोरिनाला आनंद झालाही. मात्र तो घेऊन ती घरचा चढ एकटीच चढली.

दुसऱ्या दिवसापासून ती एलोईसाकडे जाऊ लागली. दगडी घुमटीत वाफेचे स्नान, पोटाला पट्टा, मक्याची पातळ पेज. दूध दाटून एलोईसाला ताप भरला तेव्हा रात्रभर तिने शेक दिला.

"आजी, मला ही पोर नकोशी वाटते गं," एलोईसा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पाप लागेल का?"

"तिलाही तू अजून परकीच आहेस. कशी टकामका बघतेय बघ, ही बया कोण म्हणून! होईल ओळख. मी बसलेय."

ती खरोखरच बसून राहिली. बसण्याच्या या कामाला त्यांच्या भाषेत वेगळे नाव नव्हते, आणि ज्या कामाला नाव नसते ते करणाऱ्याच्या स्वभावात जमा होते.

चाळिसाव्या दिवशी ओनोरिनाने धुतलेले झंपर घातले, बोटातली अंगठी काढून ठेवली आणि बोलावण्याची वाट पाहिली. दुपार टळली. शेवटी ती आपणहून गेली. एलोईसाची सासू फिदेन्सिआ नुकतीच खालून परतली होती. हातात रिकामा तुंबा होता.

"अगं ओनोरिना, काय गंमत झाली! डॉक्टरीणबाईंचे हात धुऊन आलो. ती बाई हात मागे घेते, म्हणते, आत्ताच धुतलेत, स्वच्छ आहेत! माझा मार्गारितो साबण घेऊन तिच्यामागे, आणि नर्सबाई हसून हसून बेजार."

ओनोरिनाही हसली. मग तिची नजर आपल्या बोटांवर गेली.

फिदेन्सिआच्या लक्षात आले. तिचा आवाज उतरला. "पोर त्यांनी झेलली ना गं. तुझ्या हाताला कुठं रक्त लागलं?"

"मी घालते पाणी," म्हणत एलोईसा पोरीला घेऊन उठली.

"बस खाली! एका जन्माला दोघींचे हात धुतले तर पहिलं धुणं वाया जातं. पोरीवर येईल ते."

"बस, बाळ," ओनोरिना म्हणाली. "सासू बरोबर बोलतेय." रीत तिलाही मान्य होती, तिचा उपाय खुंटला तो तिथेच. तिने पोरीच्या कपाळाला ओठ लावले आणि ती निघाली.

पाऊस सरल्यावर वरच्या आळीतला लूसिओ आला. त्याच्या बायकोला दवाखान्याची धास्ती होती.

"चला ना आजी. नुसत्या शेजारी बसा."

"शेजारी बसले की हात लागतोच रे. माझे हात अजून धुतलेले नाहीत."

"आता कुणाच्या घरचं पाणी राहिलंय? गावात तुम्ही कुणाचं बाळंतपण केलंय कुठं?"

तो जाईपर्यंत ओनोरिना दारात उभी राहिली, मग आत येऊन एका माणसापुरता मका भिजत घातला.

चारशे सहा घरांनी तिचे हात धुतले. एका घरचे पाणी अजून बाकी आहे.