धाटांची युद्धनौका

कुठं काही बिघडलं की आमचे मामा आधी एकच विचारायचे, "पाठीशी कोन होतं?" एसटी औशाजवळ बंद पडो की पोरगं गणितात नापास होवो, प्रश्न तोच.

मामा म्हणजे आमच्या निलंग्याच्या शाळेतले शिपाई. तुमच्याही शाळेत एक मामा असतीलच. शिपायाला नावानं कुणी हाक मारत नाही, मामा म्हटलं की झालं.

हा प्रश्न त्यांना माझ्याच वर्गात सापडला. मी दहावीला महायुद्ध शिकवत होतो आणि मामा नोटीस घेऊन दारात थांबले होते. जपानची यामातो ही जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका, पण शेवटच्या मोहिमेवर तिला वरून राखायला विमानंच दिली नव्हती. शत्रूच्या विमानांनी दोन तासांत बुडवली, हजारो खलाशी गेले. तास संपल्यावर मामा म्हणाले, "पाठीशी कोनी न्हाई, मग धाडलं कशाला, सर?"

मग मामांनी यामातो बांधायला घेतली. आमच्याकडं पोरं ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करतात, मामांनी युद्धनौका केली. सोललेली धाटं, आतलं पांढरं भेंड आणि बाभळीचे काटे, एवढंच सामान. जपान्यांनी ती लपवून बांधली हे मीच सांगितलं होतं, म्हणून मामांनीही सामानाच्या खोलीत जुनी चादर टांगली. मुख्याध्यापकांनासुद्धा आत मज्जाव! दोन वर्षांनी चादर निघाली तेव्हा बाकाएवढी नौका नऊ तोफा रोखून उभी होती.

"हितून तोफ उडवली, तर गोळा औशाच्या पल्याड पडंल, सर."

लातूरला शैक्षणिक साहित्याची स्पर्धा होती. भाग फक्त शिक्षकांना. मामा म्हणाले, "कागदावर नाव तुमचं असू द्या. माइकवर तेवढं माझं घ्या." आणि गावासकट पूर्ण नाव लिहिलेली चिठ्ठी माझ्या खिशात सरकवली. मी शब्द दिला.

ते नाव ऐकायला मामी देवणीहून आल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत, पदर सारखा करून बसल्या होत्या.

पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, "दोन वर्षं! काय चिकाटी आहे सर तुमची!" खरं सांगतो, मला ते गोड लागलं. माइकसमोर उभा राहिलो, बोटं खिशातल्या चिठ्ठीला लागली, आणि मी म्हणालो, "माझ्या या कामात आमच्या मामांचंही सहकार्य लाभलं." टाळ्या पडल्या. सभागृहात प्रत्येक शाळेनं सामान उचलायला एकेक मामा आणलेला होता. ते सगळेच मामा हसऱ्या तोंडानं इकडंतिकडं बघू लागले.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या पुढच्या बाकावर होतो. मागून मामींचा आवाज आला, "नाव कवा घेतलं ओ? मला ऐकूच आलं न्हाई."

"घेतलं की. टाळ्यांत गेलं बघ."

मला मान वळवायचं धाडस झालं नाही. भर सभेत मी त्यांना एकटं सोडलं होतं, आणि हा माणूस बायकोसमोर माझ्या पाठीशी उभा राहत होता. थोड्या वेळानं खांद्याला हात लागला. "सर, ती चिठ्ठी द्या." मी दिली. त्यांनी नीट घडी घालून ती आपल्या खिशात ठेवली. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी यामातोचं नाव काढलं नाही, आणि तो प्रश्नही कधी विचारला नाही. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन देवणीला गेले, आणि यंदा वारले.

नौका काचेच्या कपाटात आहे. भेंडाला कीड लागलीय, दोन तोफा गळाल्यात. पोरं विचारतात, "सर, ही कुणी केली?" मी आता त्यांचं पूर्ण नाव सांगतो, गावासकट.

"हे कोण, सर?"

"आपले मामा," मी म्हणतो. आणि सगळा वर्ग दारातल्या नव्या मामांकडं बघतो.