मोटारीला दिलेलं आवतण

रेडिएटरचं झाकण उघडलं आणि वाफेबरोबर जायफळाचा वास आला. मी दोन पावलं मागे सरलो. मांजरसुंब्याच्या घाटात, अर्ध्या चढावर, विलायती मोटारीतून जायफळाचा वास. माझ्या तपासणीच्या यादीत हे कुठेच बसत नव्हतं.

रेडिएटर म्हणजे मोटारीच्या पुढच्या अंगाला असलेली पितळी टाकी. आत बारीक नळ्यांची जाळी. त्यांतून पाणी खेळतं आणि इंजिन गार राहतं. जाळी तुंबली की पाणी उकळतं. तरीही रेटलं तर इंजिन जाम होतं.

तपासणीसाठी मोटार मी चालवत होतो. मागे बसलेले देशमुख खाली उतरले. पालीकडच्या पाच गावांचे ते जहागीरदार.

"काय झालं, मिस्त्री?"

"पाणी उकळलंय, सरकार. उतारानं परत नेऊ."

"शुक्रवारी तालुकदारसाहेबांना हिच्यातून मोमिनाबादला न्यायचंय. शब्द दिलाय मी."

तालुकदार म्हणजे निजाम सरकारचा जिल्ह्यातला सर्वांत मोठा अंमलदार. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. त्या दिवशी बुधवार होता.

मी तेव्हा हैदराबादच्या एका मोटार वर्कशॉपमध्ये होतो आणि वर्षातून दोनदा या मोटारीच्या तपासणीला येत असे. त्या काळी भारी मोटार अख्खी विकत मिळत नसे. कारखाना इंजिन आणि सांगाडा देई, बॉडी दुसरे कारागीर गिऱ्हाइकाच्या पसंतीनं बांधत. ही बॉडी एका संस्थानिकासाठी बांधलेली. सागवानी चौकट, मोरपंखी मखमल, मागचं छत घडी होणारं, चालकाशी बोलायला पितळी नळी. तशी दुसरी कुणी बांधून घेतली नाही, आणि पुढे लढाईत कारखान्यानं ते मॉडेलच बंद केलं. त्याच्याकडून देशमुखांनी घेतल्यावर ती जालना स्टेशनवर उतरली. शहागडला गोदावरीची वाळू तिनं चार बैलजोड्यांच्या जोरावर ओलांडली. त्या जोड्या हाकणारा गेनबा, देशमुखांचा बैलं राखणारा जुना गडी. तेव्हापासून मोटार चालवायचे देशमुख आणि सांभाळायचा गेनबा.

अशा एकमेव मोटारीला नवा रेडिएटर मागवायचा तर विलायतेहून. आगबोटीनं चार महिने.

उतारानं मोटार वाड्यावर परत आणली. ती गोठ्यातच उभी असे, बैलांच्या शेजारी. मी रेडिएटर काढला, तार घातली. पिवळा लगदा बाहेर आला. मग दिव्यांकडे लक्ष गेलं. पितळी कडांना बैलाच्या शिंगांना लावतात तो तांबडा हिंगूळ फासलेला.

"गेनबा, ह्यात काय घातलंस?"

"पुरनपोळी."

"कशाला?"

"काल पोळा न्हवता का? परवा सांजच्याला समद्या बैलांस्नी सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. हिच्याम्होरं बी बोल्लो. आवतन दिल्यावर उपाशी ठिवू का, सायेब?"

"किती घातल्या?"

"दोनच. लई न्हाई. बैलांस्नी पाच पाच दिल्या. हिचा गळा बारीक हाय, म्हून तुपात कुस्करून दिल्या."

"अरे, हे यंत्र आहे."

"तुमीच म्हणलावता, बैलावानी समज. सकाळी पानी, दमली की थांबव, उन्हात उभी करू नगंस."

म्हटलं होतं. समजावण्याची सोपी पद्धत म्हणून मीच म्हटलं होतं. आणि चार वर्षं त्यानं ते शब्दशः पाळलं होतं. पाणी फडक्यातून गाळून घालायचा. टायरमधले बाभळीचे काटे रोज हातानं काढायचा. तेवढ्याच वयाच्या हैदराबादच्या मोटारींना गंज चढला होता. हिच्यावर डाग नव्हता.

देशमुख गोठ्यात आले. "कोणी केलं? नाव लिहून द्या रिपोर्टात. शुक्रवार पार पडू द्या, हाकलूनच देतो."

गेनबा उठून उभा राहिला. त्या गोठ्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

"आधी मोटार चालू द्या, सरकार. रिपोर्ट नंतर," मी म्हणालो.

गुरुवारी उजाडताच कामाला लागलो. गूळ आटवायच्या काहिलीत पाणी तापवलं, धुण्याचा सोडा घातला. रेडिएटर उलटा टांगून खालच्या नळीतून पाणी सोडलं, म्हणजे अडकलेलं आल्या वाटेनं परत जातं. गेनबा बिंदुसरा नदीवरून पाणी आणत राहिला. आधी पुरण निघालं, मग तुपाचा तवंग, मग गढूळ पाणी. दिवस कलताना पाणी स्वच्छ आलं.

शुक्रवारी तालुकदारसाहेब मोमिनाबादला पोहोचले. घाटात पाणी उकळलं नाही.

शनिवारी मी रिपोर्ट दिला. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: मिस्त्रीने रखवालदाराला अपुरी सूचना दिली.

देशमुखांनी दोनदा वाचलं. "स्वतःवर घेताय?"

"आहे ते लिहिलंय. आणि गेनबाला काढलंत तर वर्षात ही मोटार भंगारात जाईल."

त्यांनी रिपोर्टाची घडी करून खिशात घातली. मग हाक मारली. "गेन्या, पुढल्या पोळ्याला हिला आवतण दिलंस तर याद राख."

"बरं, सरकार. पर मग हिला त्या दिशी कामाला बी जुंपू नगा."

देशमुखांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते निघून गेले. पुढे मी तिथे जात होतो तोवर पोळ्याच्या दिवशी ती मोटार कधी गोठ्याबाहेर निघाली नाही.

आता मी बीडात लॉऱ्या दुरुस्त करतो. सगळ्या एका साच्यातल्या, पार्ट आठवड्यात मिळतो. त्या मखमलीची आणि पितळी नळीची आठवण येते, पण हात कामात असतात. माझी तपासणीची यादी मात्र गेनबानं बदलली. पहिला रकाना इंजिनाचा नाही. गाडी कोण सांभाळतं आणि त्याला आपण काय सांगून ठेवलंय, ते आधी लिहितो.